सासूबाईंच्या रिपोर्टातला जंतू

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सगळ्या तपासण्या केल्या, त्यात लघवीच्या कल्चरमध्ये 'ई. कोलाय, एक लाखाहून जास्त' असं आलं. त्यांना ताप नाही, जळजळ नाही, जेवणखाण-झोप नेहमीसारखी. डॉक्टर म्हणाले, औषधाची गरज नाही. शेजारच्या काकू म्हणतात, रोगजंतू सापडलाय आणि तुम्ही हातावर हात धरून बसलात? मलाही कळत नाही. रोगजंतू आहे, तर रोग कसा नाही?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. काकूंवरही रागावू नका, त्यांना फसवलंय ते 'रोगजंतू' या शब्दाने. त्या शब्दात रोग आधीच भरून ठेवलेला आहे, त्यामुळे जंतू दिसला की माणूस रोग शोधायला निघतो.

आधी या ई. कोलायची ओळख करून देते. थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली म्यूनिकमध्ये त्याचं वर्णन केलं. कुठल्या साथीत वगैरे नाही, तान्ह्या बाळांच्या शीमध्ये, आणि ती बाळं चांगली धडधाकट होती. बाळ जन्मलं की थोड्याच दिवसांत हा जंतू आतड्यात मुक्कामाला येतो आणि बहुधा आयुष्यभर राहतो. तुमच्यात आहे, माझ्यात आहे, काकूंच्यात तर आहेच. आतड्यातून लघवीच्या मार्गापर्यंतचं अंतर बायकांमध्ये बोटभराचं. उतारवयात तिथली त्वचा पातळ होते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आणि मग हे पाहुणे वरच्या खोलीत जाऊन राहतात. राहतात, एवढंच. आमच्या धंद्यात याला वसाहत म्हणतात.

आता तो 'एक लाख'. मी एकतीस वर्षं लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा वाचल्या, म्हणून यावर जरा रेंगाळते. लॅबमध्ये एक मापाची तार असते, तिला आम्ही लूप म्हणतो. तिच्या टोकाच्या कडीत लघवीचा एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तो प्लेटवर ओढायचा, प्लेट रात्रभर ३७ अंशांना ठेवायची आणि सकाळी एकेका जंतूपासून उगवलेले ठिपके मोजायचे. मॅक्काँकी नावाच्या माध्यमावर, म्हणजे प्लेटमधल्या जंतूंच्या खाद्यावर, ई. कोलायचे ठिपके छान गुलाबी येतात. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू. हिशोब इतका साधा. पण लाखच का, पन्नास हजार का नाही? कारण १९५६ च्या सुमाराला बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस या डॉक्टरांनी मूत्रपिंडाला सूज आलेल्या बायका आणि कसलीही तक्रार नसलेल्या बायका यांच्या लघवीतले आकडे शेजारी शेजारी मांडले. नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जंतू आणि खरोखर मूत्राशयात वाढणारे जंतू वेगळे करायला लाखाची रेघ सोयीची ठरली. ती रेघ 'जंतू आत वाढतोय' एवढंच सांगते. 'बाई आजारी आहे' हे सांगायला कॅसने ती आखलेली नव्हती. आपल्या रिपोर्टांत मात्र ती तशी वाचली जाते.

गंमत पुढे आहे. १९८२ मध्ये सिअॅटलच्या वॉल्टर स्टॅम यांनी दाखवलं, की जळजळ होणाऱ्या तरुण बायकांमध्ये मिलिलिटरला शंभर जंतूही पुरेसे असतात. म्हणजे तुमच्या सासूबाईंचे लाखभर जंतू काही बिघडवत नाहीत, आणि एखाद्या कॉलेजातल्या मुलीला शंभर जंतू रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या घालायला लावतात. नुसत्या आकड्यावरून आणि नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. तो कुणाच्यात आहे, कुठे आहे आणि त्या शरीराचं काही नुकसान होतंय का, हे विचारावं लागतं.

औषध दिलं तर काय होईल? आठवड्यात जंतू जातील आणि बऱ्याचदा महिन्या-दोन महिन्यांत दुसरे येऊन राहतील. ते आधीच्यांपेक्षा औषधाला दाद न देणारे असण्याचा संभव जास्त. अपवाद दोनच लक्षात ठेवा. बाई गरोदर असेल, किंवा मूत्रमार्गाचंच ऑपरेशन व्हायचं असेल, तर तक्रार नसतानाही उपचार करतात. मोतीबिंदू यात बसत नाही. पण सासूबाईंना थंडी वाजून ताप आला, कमरेत एका बाजूला दुखू लागलं, जळजळ सुरू झाली, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. आणि हो, नमुना घरून नेला असेल तर तो किती वेळ तसाच बाहेर होता, हेही विचारा. आमच्या सांगलीच्या मे महिन्यात खिडकीवर तीन-चार तास ठेवलेल्या बाटलीतून मी हवा तो आकडा काढून दाखवीन.

याच्या उलटी चूक मी स्वतः केलेली आहे, तीही सांगून टाकते. १९८८ च्या सुमाराची गोष्ट. मी काम करत होते तिथे तापाने फणफणलेला एक ट्रक ड्रायव्हर दाखल झाला. त्याच्या रक्ताच्या बाटलीत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस उगवला. हा आपल्या कातडीवर राहणारा जंतू. सुई टोचताना बाटलीत शिरतो, रोज दिसतो. आम्हाला शिकवलं होतं, निरुपद्रवी. मी डोळे झाकून लिहिलं, 'त्वचेवरची भेसळ'. दुसऱ्या बाटलीतही तोच आला. तेव्हाही मी नमुना घेणाऱ्या मुलाला रागावले. तिसऱ्या बाटलीनंतर फिजिशियन स्वतः जिने उतरून तळघरातल्या लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "बाई, त्याची हृदयाची झडप कृत्रिम आहे. तुम्ही विचारलंच नाहीत." अशा झडपेवर हाच गरीब जंतू चिकट थर करून बसतो, आणि तिथून त्याला हलवणं महाकठीण. चार दिवस माझ्या शेऱ्यामुळे गेले. पुढे सहा आठवडे शिरेतून औषध घेऊन ड्रायव्हर घरी गेला. त्या दिवसापासून मी रिपोर्टाच्या अर्जावरची रोग्याची माहितीची ओळ कोरी असेल, तर नमुनाच घेत नसे. वॉर्डातली पोरं मला खडूस म्हणायची.


प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉखची गृहीतकं पाठ केली. मग सरांनी सांगितलं, की कॉलराच त्यात बसत नाही, महारोगही बसत नाही. बसतच नाही तर पाच मार्कांना का विचारतात?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. पाच मार्क सोडू नकोस, पण प्रश्न तुझा मार्कांपेक्षा मोठा आहे.

बाकीच्या वाचकांसाठी ती गृहीतकं सांगते. रोग असेल तिथे दरवेळी तो जंतू सापडला पाहिजे आणि निरोग्यात सापडता कामा नये. तो शरीराबाहेर शुद्ध वाढवता आला पाहिजे. तो वाढवलेला जंतू निरोगी प्राण्यात सोडला तर तोच रोग झाला पाहिजे. त्या प्राण्यातून तोच परत मिळाला पाहिजे, ही चौथी ओळ पुढच्या लोकांनी जोडली. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तेव्हाची हवा डोळ्यांपुढे आण. सूक्ष्मदर्शकात जो उठेल त्याला एखादी काडी दिसत होती आणि तो अमक्या रोगाचं कारण सापडलं म्हणून लिहीत होता. असल्या वातावरणात कुणीतरी साक्षीपुराव्याची शिस्त लावणं भाग होतं. त्या नियमांकडे तसं बघ, म्हणजे ते पोरकट वाटणार नाहीत.

आता कॉलरा. कॉख १८८३ मध्ये आधी इजिप्तला आणि मग कोलकात्याला आला. तिथे मेलेल्यांच्या आतड्यांत आणि वस्तीतल्या तलावाच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू मिळाला. शुद्ध वाढवताही आला. पण उंदीर, ससे, काही केल्या कशालाच कॉलरा होईना. तिसरा नियम लटकला. आणि कॉखने काय केलं? माझा नियम मोडला म्हणून गप्प बसला का? छे! कॉलऱ्याचं कारण हेच, असं ठणकावून सांगितलं. नियम करणाऱ्यालाच ते किती ताणायचे हे ठाऊक होतं. शिकवणारे ते विसरले.

म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांना हे पटलं नाही. जंतू एकटा काही करत नाही, जमीन-पाणी-माणूस यांचा मेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबर १८९२ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी या गृहस्थाने पोटातलं आम्ल मारायला सोडा घेतला आणि वर कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर पिऊन टाकलं. थोडे जुलाब झाले, बास. त्यांचा विजय झाला असं त्यांना वाटलं. कॉलऱ्याच्या बाबतीत ते साफ चुकले होते. पण एकच जंतू पिऊन एक मरतो आणि दुसऱ्याला नुसती पोटाची तक्रार होते, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर दाखवून दिलं, आणि कॉखच्या नियमांत याला जागाच नव्हती.

आता पुढचं नीट ऐक, कारण हे पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद कप्प्यात जंतू सोडले. कप्पा पाण्याने टम्म फुगला. तोंडातून देऊन सशाला जे होत नव्हतं, ते आतड्यात नेऊन झालं. मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं उरलेलं पाणी सोडलं, तरी कप्पा फुगला. म्हणजे नुकसान करणारं एक विष आहे, जंतू आतड्याच्या भिंतीत घुसतसुद्धा नाही. कॉख ज्या शहरात अडला, त्याच शहरात पाऊणशे वर्षांनी ही गाठ सुटली. डे यांना त्यांच्या हयातीत आपल्याकडे मिळायला हवा होता तो मान मिळाला नाही, याची मला अजून चीड येते.

१९९६ मध्ये कळलं, की हे विष बनवण्याचं जनुक मुळात कॉलऱ्याच्या जंतूचं नाहीच. त्या जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूने ते आणलेलं असतं. घटसर्पाचं असंच आहे, ते १९५१ पासून माहीत होतं. विषाणूची लागण झालेला जंतू माणसाला मारतो, न झालेला घशात बिनबोभाट राहतो. आता 'रोगकारक कोण' याचं उत्तर परीक्षेत एका ओळीत कसं लिहायचं? जंतू माणसाच्या जिवावर जगतोय आणि विषाणू जंतूच्या. होस्टला, म्हणजे जंतू ज्याच्या शरीरात राहतो त्याला, पुस्तकात 'यजमान' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, यजमानाने निदान बोलावणं तरी धाडलेलं असतं. मी 'पोशिंदा' म्हणते.

महारोगाबद्दल थोडक्यात. हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये नॉर्वेत जंतू पाहिला, पण प्लेटवर तो आजतागायत कुणाला वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात वाढतो, अमेरिकेतल्या खवलेधारी आर्माडिलोत वाढतो. दुसराच नियम अडला, म्हणून महारोग जंतूमुळे होत नाही असं कुणी म्हणत नाही. आणि तिसरा नियम पुरा करण्याच्या हट्टापायी खुद्द हॅन्सनने १८७९ मध्ये एका रोगी बाईच्या डोळ्यात तिला न विचारता सुई खुपसली. खटला झाला आणि त्याची रुग्णालयातली जागा गेली. बरंच झालं.

वर्गात सरांना एक विचार. क्षयाचे जंतू शरीरात दबून असलेली माणसं जगात साधारण चारात एक आहेत, आणि त्यांतल्या दहात नऊ जणांना आयुष्यभर क्षय होत नाही. मग 'निरोग्यात सापडता कामा नये' या ओळीचं काय करायचं?


प्रश्न : २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हापासून आमच्या सोसायटीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, कबुतराच्या विष्ठेत जीवघेणी बुरशी असते. दुसरा म्हणतो, आम्ही चाळीस वर्षं दाणे टाकतोय, आम्हाला काय झालं? कुणाचं खरं?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : दोघांचंही. म्हणून तर भांडण मिटत नाही.

बुरशी असते, तिचं नाव क्रिप्टोकॉकस. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीबरोबर श्वासात जाते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तपासणी झाली तेव्हा दोन वर्षांवरच्या बहुतेक मुलांच्या रक्तात तिच्या खुणा सापडल्या. म्हणजे भेट सगळ्यांची होते. आजारी पडतात ते अगदी थोडे, आणि ते बहुतेक असे की ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते. नव्वदच्या दशकात एड्सच्या रोग्यांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी आमच्याकडे यायचं. काचेवर थेंबभर काळ्या शाईत ते मिसळायचं. काळ्या आकाशात भोवती तेजाचं कडं असलेले गोल चंद्र दिसले, की पोटात खड्डा पडायचा. मेंदूज्वर. त्या काळात वाचलेले फार थोडे आठवतात.

याच बुरशीवर आयुष्य घालवलेले आर्तुरो कासादेवाल आणि लीझ-अॅन पिरोफ्स्की यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून १९९९ मध्ये व्याख्याच नव्याने मांडली. त्यांचं म्हणणं, जंतूकडे बघून रोगकारक ठरवू नका, नुकसानाकडे बघा. नुकसान जंतू करील, पोशिंद्याचा प्रतिकार करील, किंवा दोघं मिळून करतील. त्यांनी एक आलेख काढला, आडवा प्रतिकार आणि उभं नुकसान. मला तो कढईसारखा दिसतो. कढईच्या एका काठावर प्रतिकार फार लुळा, तिथे जंतू मोकाट सुटतो. दुसऱ्या काठावर प्रतिकार फार जोराचा, तिथे शरीर स्वतःचंच घर जाळतं. तुमचे चाळीस वर्षं दाणे टाकणारे आजोबा कढईच्या बुडाशी आहेत.

दोन्ही काठ याच एका बुरशीत दिसतात, म्हणून मला हा आलेख पटला. एड्सच्या रोग्याला एचआयव्हीची औषधं सुरू केली की प्रतिकारशक्ती परत येते. कधी कधी नेमका तेव्हाच मेंदूज्वर उसळतो. आत बुरशी मरत असते आणि रोगी बिघडत असतो. म्हणून आता बुरशीचे उपचार सुरू केल्यावर एचआयव्हीची औषधं मुद्दाम चार ते सहा आठवडे थांबून मग देतात. जंतू 'दुष्ट' आहे एवढंच धरून बसलो असतो, तर हे थांबणं सुचलंच नसतं.

२०२१ चा उन्हाळा आठवा. म्युकरला सगळे 'काळी बुरशी' म्हणत होते. ती बुरशी काळी नसते. शिळ्या पावावर येते तिच्याच कुळातली, पांढुरकी-राखाडी. काळं पडतं ते आपलं मांस, रक्तपुरवठा तुटल्यावर. ती बुरशी त्या वर्षी काही नव्याने जन्मली नव्हती. कोविड, बेताल वाढलेली साखर आणि बेसुमार स्टेरॉइड यांनी पोशिंदाच बदलून टाकला होता.

तुमच्या सोसायटीत आणखी एक घोळ असणार. कबुतरांमुळे होणारा जो फुप्फुसाचा आजार डॉक्टर जास्त करून सांगतात, त्यात पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांवर फुप्फुस चिडतं. तिथे जंतू नाहीच, वाढणारं काहीच नाही. कढईचा दुसरा काठ, आणि तोही जंतूशिवाय. ज्याला तो होतो त्याला कबुतरांपासून दूर नेणं हा उपचाराचा पहिला भाग. त्यामुळे सभेत विष्ठेची तपासणी करून 'जंतू आहे की नाही' यावर मतदान घेऊ नका. इमारतीत कुणाला दमा आहे, कुणाचं मूत्रपिंड बदललंय, कोण स्टेरॉइड घेतंय, कुणाला महिनोन्‌महिने कोरडा खोकला आहे, याची यादी करा. आणि डक्ट साफ करताना विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून काढा, मास्क लावून.

कासादेवाल-पिरोफ्स्की जोडीने २०१४ मध्ये तर 'पॅथोजेन', म्हणजे रोगजंतू, हा शब्दच टाकून द्या असं लिहिलं. इथे माझं त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. कुत्रा चावलेल्या पोराच्या आईशी बोलताना मी पोशिंदा-जंतू नात्यावर प्रवचन देणार नाही. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि लस घ्यायला पळ, एवढंच सांगणार. अर्थात लस देणं म्हणजेही पोशिंद्याची बाजू बदलणं, हे त्यांच्या बाजूचं कुणीतरी मला ऐकवणारच.


प्रश्न : दह्यातले जंतू तरी शंभर टक्के चांगले ना?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमच्या-माझ्यासाठी, हो. फार क्वचित, हृदयाची झडप खराब असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती पार खचलेल्या रोग्याच्या रक्तात दह्यातला लॅक्टोबॅसिलसही सापडला आहे. एवढ्यावरून विरजण बंद करू नका. आणि दही आंबट झालं म्हणून कढी केलीत, तर हा प्रश्नच उरत नाही. उकळीत त्यांतला एकही वाचत नाही.